घरपट्टीचा आकडा ठरतो कसा?

घरपट्टीचे बिल आले की नजर आधी एकूण रकमेवर जाते. ती रक्कम निघते मात्र आकारणी नोंदवहीतल्या चार-पाच नोंदींवरून: क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार, वय आणि राहणारा मालक की भाडेकरू. कराचा दर सभागृहात ठरतो. त्यावर एकट्या करदात्याचे फारसे चालत नाही. पण आपल्या मालमत्तेची नोंद तपासून घेण्याचा आणि ती चुकली असेल तर हरकत घेण्याचा हक्क कायद्याने प्रत्येकाला दिला आहे. तो वापरायचा, तर आकारणीची रीत माहीत हवी.

कोणता कायदा कुठे

मुंबईला 1888 चा स्वतंत्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे, तर राज्यातल्या इतर महानगरपालिका 1949 च्या अधिनियमाखाली चालतात. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी 1965 चा, ग्रामपंचायतींसाठी 1958 चा कायदा आहे. म्हणूनच सारख्याच आकाराच्या दोन घरांची घरपट्टी गावागणिक बदलते.

भाड्यावरून आकारणी

पुण्यासारख्या शहरांत पाया धरला जातो तो वाजवी भाड्याचा. ही जागा भाड्याने दिली तर वर्षाला किती भाडे येऊ शकेल, हे भाग, बांधकाम आणि वापर पाहून ठरवतात. त्यातून दुरुस्तीसाठी 10 टक्के वजा केले की उरते ते करयोग्य मूल्य.

समजा, एका सदनिकेचे वाजवी वार्षिक भाडे 60,000 रुपये धरले. 10 टक्के वजावटीनंतर करयोग्य मूल्य 54,000 होईल. सर्व करांचा एकत्रित दर उदाहरणापुरता 30 टक्के मानला, तर वर्षाचा कर 16,200 रुपये.

घरमालक स्वतः राहत असेल तर पुण्यात 40 टक्के सवलत मिळते. मधल्या काळात ती बंद झाली होती. 2023 मध्ये राज्य सरकारने पुन्हा दिली. ज्यांची सवलत निघाली होती त्यांना त्यासाठी पीटी-3 अर्ज आणि पुरावे द्यावे लागले. स्वतः राहत असूनही बिलात सवलत दिसत नसेल, तर करआकारणी विभागाकडे लगेच चौकशी करावी.

किमतीवरून आकारणी

मुंबईत 1 एप्रिल 2010 पासून भांडवली मूल्याची पद्धत आली. रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेल्या बाजारमूल्याचा) दर आणि क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराला वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय यांचे भारांक (गुणक) लावून मूल्य काढतात. जुन्या इमारतीला कमी भारांक मिळतो, म्हणून बांधकामाचे वर्ष चुकले तर दरवर्षी जास्त पैसे जातात. 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांना 1 जानेवारी 2022 पासून मालमत्ता करातून सूट आहे.

या पद्धतीच्या नियमांनाही आव्हान मिळाले. जमिनीवर पुढे किती बांधकाम होऊ शकेल, हे गृहीत धरून मूल्य काढणारे नियम उच्च न्यायालयाने 2019 मध्ये रद्द केले आणि नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. कर आजच्या मालमत्तेवर, उद्याच्या शक्यतेवर नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

ग्रामपंचायतीही आता जमीन व बांधकामाच्या किमतीवरून आकारणी करतात. घसारा वजा होतो, वापरानुसार भारांक लागतो. या नोंदी नमुना 8 मध्ये असतात. त्याचा उतारा मागून पाहावा.

दुकान, दवाखाना, कार्यालय

बिगरनिवासी वापराला भारांक किंवा दर जास्त असतो. शिवाय महानगरपालिका क्षेत्रात राज्याचा रोजगार हमी उपकर फक्त बिगरनिवासी मालमत्तांवर लागतो. म्हणून व्यावसायिकांनी दोन गोष्टी जपाव्यात. घराच्या एकाच खोलीत दवाखाना असेल, तर तेवढ्याच क्षेत्राची बिगरनिवासी नोंद आहे ना, हे पाहावे. आणि दुकान बंद करून जागा पुन्हा राहण्यासाठी वापरायला घेतली, की लेखी कळवावे; कळवल्याशिवाय नोंद सहसा बदलत नाही.

हरकत कधी आणि कशी

नव्याने आकारणी झाली किंवा मूल्य वाढले, की मालकाला नोटीस येते. नगरपरिषदांत सर्व मालमत्तांची यादी दर चार वर्षांनी नव्याने होते. तिला चतुर्थ वार्षिक आकारणी म्हणतात. नोटिशीत हरकतीची मुदत दिलेली असते. त्या मुदतीत लेखी हरकत द्यावी, पोच घ्यावी आणि सुनावणीला मंजूर नकाशा, करारनामा, भोगवटा प्रमाणपत्र, वीजबिल घेऊन जावे. "कर फार झाला" एवढ्याने भागत नाही. "क्षेत्रफळ 720 लावले, नकाशात 610 आहे" असे नेमके सांगितले, तर अधिकाऱ्याला त्याचे उत्तर द्यावेच लागते.

निर्णय पटला नाही तर महानगरपालिका क्षेत्रात न्यायालयात अपील करता येते. मुंबईत ते लघुवाद न्यायालयात चालते. अपिलासाठी सहसा मागणीची रक्कम आधी भरावी लागते. थकबाकीवर महानगरपालिकांत दरमहा 2 टक्के शास्ती चढते, त्यामुळे वाद चालू आहे म्हणून बिल तसेच ठेवणे महागात पडते.

घर विकत घेताना

मालमत्ता कराची थकबाकी त्या मालमत्तेवरचा बोजा असते आणि ती नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकते. व्यवहाराआधी थकबाकी नसल्याचा दाखला मागावा. 1949 च्या अधिनियमानुसार खरेदीखत झाल्यावर तीन महिन्यांत महानगरपालिकेला कळवायचे असते. हेही लक्षात ठेवावे की कराची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नाही आणि अनधिकृत बांधकामावर कर भरल्याने ते अधिकृत होत नाही.

रस्ते, दिवे, सफाई, शाळा यांचा मोठा आधार हाच कर आहे. तो वेळेत भरावा. आणि भरण्याआधी आपला आकारणी उतारा एकदा काढून क्षेत्रफळ, वापर आणि वर्ष या तीन नोंदी कागदपत्रांशी ताडून पाहाव्यात. शेजाऱ्यालाही पाहायला सांगावे. एकाच इमारतीत एकाच प्रकारची चूक अनेकांना लागलेली असू शकते, आणि सगळ्यांनी मिळून दिलेली हरकत जास्त वजनदार ठरते.