नव्या दुनळीचा चाप अडतो कुठे?

नेमबाज 'पुल' अशी हाक देतो. खंदकातून ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने तबकडी झेपावते. पहिला बार हुकतो, दुसऱ्यासाठी बोट चाप ओढते. पण बंदूक मुकीच राहते. परवान्याचे सारे सोपस्कार पार पाडून आणि मोठी रक्कम मोजून घरी आणलेल्या नव्याकोऱ्या बंदुकीने पहिल्याच सरावात असा दगा दिला, तर कोणाचेही मन खट्टू होईल. अशा वेळी काही जण बंदूक सदोष ठरवून मोकळे होतात, काही जण स्वतःच्या हाताला दोष देतात, तर काही उत्साही मंडळी पेचकस घेऊन बसतात. तिन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. नव्या बंदुकीच्या चापाविषयीच्या पुष्कळ तक्रारी हा दोष नसून यंत्रणेचा स्वभाव असतो. काही तक्रारी मात्र तत्काळ थांबण्याचा इशारा असतात. या दोहोंतील फरक ओळखता येणे महत्त्वाचे.

चापाची भाषा

एकावर एक नळ्या बसविलेली दुनळी ही ट्रॅप आणि स्कीट या क्रीडाप्रकारांतील नेमबाजांची नेहमीची बंदूक. नळ्या दोन असल्या तरी चाप बहुधा एकच असतो. चाप ओढल्यावर नेमके काय घडते, ते आधी पाहू. प्रत्येक नळीमागे स्प्रिंगच्या ताणाखाली एक घोडा उभा असतो. त्याच्या खाचेत 'सिअर' नावाचा पोलादी अडसर अडकलेला असतो. चाप ओढला की अडसर खाचेतून सुटतो, घोडा पुढे झेपावतो आणि टोचणी काडतुसाच्या टोपीवर आदळते.

बोटाला जे जाणवते त्याचे चार भाग पडतात. आरंभीची मोकळी हालचाल, मग अडसर खाचेत घासत सरकतो तो खरखरीत प्रवास, त्यानंतर प्रत्यक्ष सुटका आणि शेवटी सुटकेनंतरही चाप मागे जातो ती अतिरिक्त चाल. 'चाप जड आहे' असे नेमबाज म्हणतो तेव्हा पुष्कळदा वजन योग्य असते. लांबलेला असतो तो खरखरीत प्रवास. म्हणून पहिली तपासणी चाप मोजण्याच्या काट्याने करावी. पाच-सहा वेळा मोजून सरासरी काढावी. नव्या दुनळीत चापाचा ताण साधारणतः दीड ते सव्वादोन किलोच्या दरम्यान आढळतो आणि दोन नळ्यांच्या ताणात थोडा फरक असणेही नवलाचे नाही. आकडा किती यापेक्षा तो दर वेळी सारखा येतो का, हे अधिक मोलाचे.

पिस्तूल किंवा रायफल वापरलेल्या नेमबाजाला हा ताण अवाढव्य वाटतो. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या चापाला नियमानुसार किमान पाचशे ग्रॅमचा ताण पुरतो. परंतु तिथे लक्ष्य स्थिर असते आणि चाप हळुवार दाबायचा असतो. इथे बंदूक फिरत असते आणि चाप चटकन ओढायचा असतो. शिवाय अडसराची पकड फार उथळ ठेवली, तर पहिल्या बाराच्या धक्क्याने दुसरा घोडाही सुटण्याची भीती. कारखाने ताण थोडा अधिक ठेवतात त्यामागे हीच सावधगिरी आहे.

एक चाप, दोन बार

एकाच चापाने दोन बार उडविणे ऐकायला सोपे वाटते. तथापि बंदूककारांना या प्रश्नाने दीर्घकाळ सतावले. अमेरिकेचे विख्यात संशोधक जॉन ब्राउनिंग यांचे १९२६ मध्ये बेल्जियममध्ये निधन झाले, तेव्हा ते ज्या दुनळीवर काम करत होते ती पुढे 'सुपरपोज्ड' या नावाने १९३१ मध्ये बाजारात आली. तिलाही आरंभी दोन चाप होते. एका चापाची यंत्रणा त्यांचे पुत्र व्हॅल ब्राउनिंग यांनी नंतर सिद्ध केली.

अडचण होती ती मानवी शरीराची. पहिला बार उडताच बंदूक मागे येते, खांदा मागे रेटला जातो आणि परत पुढे येतो. या झटक्यात बोट नकळत चाप पुन्हा ओढते. यंत्रणेने हे अजाणते ओढणेही मानले, तर दोन्ही बार एकापाठोपाठ उडतील. यावरचा प्रचलित उपाय म्हणजे जडत्वावर चालणारा चाप. त्यात एक छोटे वजन असते. बंदुकीच्या धक्क्याने ते झोका घेते आणि चापाची जोडणी दुसऱ्या नळीच्या अडसराशी करून देते. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे यांत्रिक चापात, ही जोडणी धक्क्यावाचून होते.

दुसरा बार मुका का राहतो?

नव्या बंदुकीविषयीच्या गैरसमजाचे मूळ येथेच आहे. जडत्वाच्या चापाला धक्का मिळाला नाही, तर तो दुसऱ्या नळीकडे वळतच नाही. घरी डमी काडतुसे घालून चाप दोनदा ओढणाऱ्याला दुसरी 'टक' ऐकू येत नाही आणि तो घाबरतो. वास्तविक बंदूक निर्दोष असते. पहिल्या सुटकेनंतर चाप पूर्ण सोडून दस्त्याच्या मागच्या रबरी गादीवर तळहाताने दणका द्यावा आणि चाप ओढावा. 'टक' ऐकू आली तर यंत्रणा ठीक आहे. हे करण्यापूर्वी बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची डोळ्यांनी खात्री करावी, खरी काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत आणि नळीचे तोंड सुरक्षित दिशेलाच असावे. डमीशिवाय चाप वारंवार ओढू नये; त्याने टोचणीला इजा पोहोचू शकते.

पहिले काडतूस फुसके निघाले तरी हेच घडते: धक्का नाही म्हणून दुसरा बार नाही. ऑलिंपिक प्रकारांत छऱ्यांचे वजन २४ ग्रॅमपर्यंत मर्यादित आहे. सरावासाठी त्याहूनही हलकी काडतुसे घेतली, बंदूक वजनदार असली आणि गादी मऊ असली, तर ते छोटे वजन पुरेसा झोका घेत नाही. त्यात कारखान्यातून निघताना लावलेले घट्ट ग्रीस आत साचलेले असेल, तर ते अधिकच मंदावते. दिल्लीच्या तुघलकाबाद येथील डॉ. कर्णीसिंग रेंजवर जानेवारीच्या सकाळी जी बंदूक अडखळते, ती दुपारी सुरळीत चालली, तर पहिला संशय ग्रीसवर घ्यावा.

आणखी तीन साधी कारणे आहेत. पहिले, नवी बंदूक ताठ असते आणि ती पूर्ण उघडली नाही, तर एखादा घोडा चढतच नाही. दुसरे, पहिली नळी कोणती हे ठरविणारी कळ पुष्कळ बंदुकांत सेफ्टीच्याच खटक्यात असते. ती अर्धवट राहिली की चाप मृतवत होतो. काही शिकारी धाटणीच्या बंदुकांत तर बंदूक उघडताच सेफ्टी आपोआप लागते. तिसरे कारण बोटाचे. पहिल्या बारानंतर चाप पूर्ण पुढे जाऊ दिला नाही, तर जोडणी होत नाही. बोट पेराच्या सांध्यापर्यंत आत घालणाऱ्यांची ही चूक सहज होते. स्पर्धेच्या अनेक बंदुकांत चापाचे पाते काही मिलिमीटर मागेपुढे सरकविता येते. माहितीपुस्तिकेनुसार ते आपल्या बोटाला जुळवून घ्यावे.

दोष कशाच्या मागे जातो?

निदानाची खरी रीत एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बाराची नोंद ठेवावी. रेंजवर प्रथम खालची नळी आधी ठेवून काही बार टाकावेत, मग वरची नळी आधी ठेवावी. दोष एकाच नळीच्या मागे जात असेल, तर त्या नळीचा घोडा, अडसर किंवा टोचणी संशयित. नळी कोणतीही असो, अडते ती दुसऱ्या बारालाच, असे असेल तर जोडणी, काडतूस किंवा बोट यांपैकी एक कारण आहे. काडतूस बदलून दोष गेला तर प्रश्न धक्क्याचा होता. प्रशिक्षकाच्या हातात तीच बंदूक, त्याच काडतुसांनिशी बिनबोभाट चालली तर प्रश्न आपल्या हाताचा आहे. अशी पानभर नोंद कारागिराच्या हाती दिली की त्याचे निम्मे काम झालेले असते.

नवेपणाची थोडी खरखर पहिल्या काहीशे काडतुसांत आपोआप ओसरते. मात्र चापाची चाल दिवसेंदिवस बदलत असेल, तर दस्त्याकडे पाहावे. कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत लाकूड फुगते आणि आतल्या भागांना घासू लागते. दस्ता धरून ठेवणारा बोल्ट पहिल्या वापरात सैल होणे हेही कारण असू शकते.

येथे थांबावे

काही लक्षणांपुढे निदानाचा मोह आवरावा. एकदा चाप ओढल्यावर दोन्ही बार उडणे, बंदूक मिटताना बार होणे, सेफ्टी लावूनही घोडा सुटणे, चाप मागेच अडकून राहणे, यांपैकी काहीही एकदा जरी घडले तरी त्या दिवसाचा सराव संपला असे समजावे. चाप ओढूनही बार न झाल्यास नळीचे तोंड मैदानाकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबावे, कारण बार उशिरा होऊ शकतो. स्पर्धेत तर पंच तपासेपर्यंत बंदूक उघडण्यास वा सेफ्टीला हात लावण्यास मनाई आहे. दोष बंदुकीचा ठरला तर नियमाच्या मर्यादेत तबकडी पुन्हा मिळते, हाताळणीचा ठरला तर ती गमावली जाते.

अडसराची खाच घरी घासून चाप 'हलका' करण्याचा उद्योग कोणीही करू नये. केसाएवढे पोलाद अधिक गेले तरी ते परत लावता येत नाही. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे बंदूकदुरुस्तीलाही परवाना लागतो. तेव्हा वॉरंटीची कागदपत्रे आणि आपली नोंदवही घेऊन परवानाधारक कारागिराकडेच जावे.

अथेन्स येथे १७ ऑगस्ट २००४ रोजी राज्यवर्धनसिंग राठोड यांनी भारताला ऑलिंपिक रौप्यपदक मिळवून दिले ते डबल ट्रॅपमध्ये. त्या प्रकारात दोन तबकड्या एकाच वेळी सुटत आणि दोन्ही बार क्षणार्धात उडवावे लागत. २०१६ नंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून गेला. पण दुसऱ्या बाराचे महत्त्व कायम आहे. तो बार उडेल याची खात्री असली, तरच नेमबाजाचे डोळे निःशंकपणे तबकडीवर खिळतात. चापाचा विचार मैदानावर मनात येऊ नये, यासाठीच तो आधी घरी आणि सरावात पुरता करून ठेवायचा असतो.