चांद, कॅलेंडर आणि रजेचा अर्ज

रमजानचा शेवटचा अशरा, म्हणजे अखेरचे दहा दिवस लागले की मुस्लिम घरांत दोन हिशोब एकदम सुरू होतात. एक फित्र्याचा आणि दुसरा सुट्टीचा. फित्रा माणशी ठरलेला असतो, तो मोजायला वेळ लागत नाही. सुट्टीचे तसे नाही. थोरला पुण्यात कंपनीत, मुलगी मालेगावला सासरी, जावई एसटीत, धाकटा मुंबईत आणि अम्मी-अब्बा गावाकडे. सगळ्यांनी ईदला एका दस्तरखानावर बसायचे तर प्रत्येकाचा रजेचा अर्ज वेळेत मंजूर व्हायला हवा. गणपतीला कोकणात जाणाऱ्या घरांना ही ओढाताण वेगळी सांगायला नको. ईदची अडचण एवढीच, की तिची तारीख आदल्या संध्याकाळपर्यंत पक्की नसते.

हिजरी महिना २९ किंवा ३० दिवसांचा. २९व्या रोजाच्या संध्याकाळी चांद दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद, नाहीतर आणखी एक रोजा. हे वर्ष साधारण ३५४ दिवसांचे असल्याने ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. पंचांगही चंद्रावरच चालते, पण त्यात अधिक महिना धरला जातो, म्हणून पाडवा ऋतू सोडत नाही. दोन्ही सण अमावस्येनंतरच्या चंद्राचे. त्यामुळे काही वर्षे ते शेजारी येतात. २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला आणि ईद ११ एप्रिलला होती. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला, तर ईद दुसऱ्याच दिवशी. अधिक महिना आला की ही जोडी फुटते.

जोडी असते तेव्हा रजेचे गणित सोपे होते. २०२४ चेच उदाहरण घ्या. मंगळवारी पाडवा, गुरुवारी ईद, पुढे शनिवार-रविवार. पाच दिवसांचा आठवडा असलेल्या कार्यालयात बुधवार आणि शुक्रवार अशा दोन किरकोळ रजा टाकणाऱ्याला सलग ६ दिवस मिळाले. शिवाय बुधवारची रजा चांदाच्या हवाली होती. त्या वर्षी केरळमध्ये ईद बुधवारीच झाली. इथेही तसे झाले असते तरी घरी पोहोचलेल्या माणसाची नमाज चुकली नसती.

रजा कोणती टाकायची, यालाही महत्त्व आहे. सरकारी नोकरीत किरकोळ रजेच्या मध्ये आलेली सुट्टी रजेत मोजली जात नाही. अर्जित रजेत मात्र मधली सुट्टीही धरली जाते. बुधवार ते शुक्रवार अर्जित रजा घेतली असती तर ईदचा दिवसही खात्यातून गेला असता. म्हणून अर्जित रजा हजसारख्या लांब प्रवासासाठी राखलेली बरी. हज कमिटीच्या यात्रेला सुमारे ४० दिवस लागतात. शेवटच्या दहा दिवसांत मशिदीत एतेकाफला बसणाऱ्या नोकरदारालाही तीच उपयोगी पडते.

दुकानात काम करणाऱ्यांना आपला हक्क अनेकदा ठाऊक नसतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या कामगाराला वर्षाला ८ किरकोळ रजा आणि ८ सणाच्या पगारी सुट्ट्या आहेत. त्यांतल्या चार ठरलेल्या आहेत : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. ईद त्यांत हवी असेल तर हे बोलणे वर्षाच्या सुरुवातीलाच झालेले चांगले.

तिकिटाचे वेळापत्रकही लक्षात ठेवण्याजोगे आहे. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. साठ दिवस म्हणजे जवळपास दोन चांद्रमास. रजब सरता सरता, शाबानचा चांद दिसण्याच्या सुमारास, ईदच्या गाड्यांचे आरक्षण सुरू होते. रमजान लागल्यावर तिकीट शोधणाऱ्याच्या हाती बहुधा प्रतीक्षा यादीच येते.

ईदचा पहिला दिवस नमाज, कब्रस्तानातली फातेहा, शीरखुर्मा आणि पाहुण्यांत संपतो. सहलीला निघायचे ते दुसऱ्या दिवशी, बासी ईदला, आणि त्या दिवसाची सरकारी सुट्टी नसते. निघण्याआधी वारही पाहावा. अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. २०२५ ची ईद सोमवारी होती. बासी ईदला मुलाबाळांसह वेरूळ गाठायचे ठरवले असते तर दारातूनच परतावे लागले असते.

तरी काही वेळा सगळे गणित चुकते. त्याच वर्षी ईद ३१ मार्चला, आर्थिक वर्षाच्या अखेरच्या दिवशी आली आणि सरकारी व्यवहार करणाऱ्या बँक शाखा चालू ठेवण्याचे रिझर्व्ह बँकेचे आदेश निघाले. दवाखाने, एसटी, वीज, पोलीस यांना तर कोणताच सण सुट्टीचा नसतो. अशा ठिकाणी कामी येते ती नियमावलीबाहेरची रीत. दिवाळीच्या पाडव्याला मुल्लाजी ड्युटीवर आणि ईदला कुलकर्णीबाई. अर्जावर ‘ड्युटी बदल’ एवढेच लिहिलेले असते.

हीच रीत कधी मोठ्या प्रमाणावरही दिसते. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आल्या. विसर्जनाच्या मिरवणुकांना अडचण नको म्हणून मुस्लिम संघटनांनी मुंबईतला जुलूस एक दिवस पुढे नेला आणि राज्य सरकारने सुट्टी २९ ला दिली. तो शुक्रवार होता आणि सोमवारी गांधी जयंती होती. पाच दिवसांच्या आठवड्याच्या कार्यालयांना सलग ४ दिवस मिळाले, तेही सर्वांना.

वर्षाच्या ८ किरकोळ रजांपैकी एक चांदासाठी आणि एक शेजारच्या टेबलावरच्या सणासाठी राखून ठेवली तर उरलेल्या सहांचे नियोजन कसेही जमते. गावाकडच्या अम्मीला मात्र किती रजा शिल्लक राहिल्या याच्याशी काही घेणे नसते. ती फक्त विचारते, चाँदरातीला पोहोचशील ना?