डोंगरातला प्रथमोपचार

'प्रथमोपचार' हा शब्द मराठीत आता चांगला रुळला आहे. पण त्यातल्या 'प्रथम'चा अर्थ जागेप्रमाणे बदलतो. शहरात पट्टी बांधून होते न होते तोच डॉक्टर गाठता येतो. आमच्या देवरूखकरांच्या पाठीशी मात्र सह्याद्री उभा आहे. शृंगारपूरहून प्रचितगड चढताना कोणाचा पाय मोडला, तर त्याला खाली आणायलाच कित्येक तास लागायचे. तोवर सोबती हाच वैद्य!

म्हणूनच गिर्यारोहकाला नेहमीच्या प्रथमोपचाराच्या पुढचे शिक्षण हवे. उत्तरकाशीला १९६५ साली निघालेल्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत तर शोध आणि बचाव यांचा स्वतंत्र अभ्यासक्रमच आहे. या विद्येचा पहिला धडा असा, की जखमीकडे धावत सुटू नये. वरून दगड येत नाहीत ना, हे आधी पाहावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखम सतत दाबून धरावी. मानेला किंवा पाठीच्या कण्याला मार बसल्याची शंका असेल, तर जागेवर धोका असल्याखेरीज त्याला हलवू नये. मोडलेल्या पायाला काठी आणि पंचा पुरतो. पण बांधल्यावर बोटे गार पडत नाहीत ना, हे पुनःपुन्हा पाहायला हवे. ओल्या जमिनीने अंगातली ऊब जाते, म्हणून खालीही कांबळे घालावे. नाडी, श्वास आणि शुद्ध यांची वेळेसह नोंद करून ती चिठ्ठी डॉक्टरांच्या हाती द्यावी.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात फुरशाची भीती जुनीच. सर्पदंशावर चिरा देणे, आवळून बांधणे, विष चोखणे हे सारे उपाय घातक आहेत. तो अवयव हलू न देता रुग्णाला रुग्णालयात पोहोचवणे, हेच खरे. विंचूदंशाचेही तसेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे औषध गुणकारी ठरवले आणि कोकणातले असंख्य प्राण वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण औषधापर्यंत माणूस जिवंत पोहोचला पाहिजे ना!

मुले गडावर निघाली की आपण डब्याची, स्वेटरची चौकशी करतो. यंदा आणखी एक प्रश्न विचारा: "तुमच्यांत हे शिकलेला कोण आहे?" आणि हे शिक्षण पायथ्याच्या वाड्यांतल्या तरुणांनाही मिळू द्या. हाक ऐकून सर्वांत आधी धावतात ते तेच.