जुन्या इमारतीतील भाड्याचे घर

मुंबईतील भेंडी बाजार, डोंगरी, गिरगाव, भुलेश्वर या भागांतून कधी पायी चाललात, तर मान वर करून पाहा. लाकडी कठड्यांच्या लांब गॅलऱ्या, नक्षीदार खांब आणि उतरती कौले तुम्हांला दिसतील. या इमारतींपैकी पुष्कळ इमारतींचे वय शंभर वर्षांच्या आसपास आहे. त्यांत आजही हजारो कुटुंबे भाड्याने राहतात.

माझे बालपण अशाच एका इमारतीत गेले. तिसऱ्या मजल्यावर आमची एक खोली होती. कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा आणि बाहेर सर्वांची मिळून एक गॅलरी. नळाला पाणी ठरावीक वेळीच येई. म्हणून अम्मी पहाटे उठून पिंप भरून ठेवत असे. ईदला आमच्याकडचा शीरखुर्मा प्रत्येक दारी जाई आणि दिवाळीत प्रत्येक घरातून फराळाचे ताट येई. घर लहान होते, पण शेजार मोठा होता.

अशा घरांचे भाडे आजही फार थोडे असते. याचे कारण कायद्यात आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडे मनमानीपणे वाढवण्यावर बंदी घातली. पुढे ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९’ हा नवा कायदा झाला आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुना भाडेकरू खोली सोडताना नव्या भाडेकरूकडून मोठी रक्कम घेतो. तिच्यातील काही भाग घरमालकाला मिळतो. या रकमेला ‘पागडी’ म्हणतात. नव्याने घर शोधणारे बरेच लोक मात्र डिपॉझिट देऊन अकरा महिन्यांचा करार करतात.

भाडे कमी असले, तर घरमालकाला दुरुस्ती परवडत नाही. दुरुस्ती झाली नाही, तर इमारत खचू लागते. जुन्या इमारतींत जाड विटांच्या भिंती आणि लाकडी तुळया सारा भार उचलतात. मोरीचे पाणी भिंतीत मुरले, की तुळईचे टोक आतल्या आत कुजते. कोणी मधली भिंत पाडतो, कोणी वर जड टाकी बसवतो. भिंतीत पिंपळ उगवतो आणि त्याची मुळे विटा फोडतात. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातील एक जुनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

म्हणून जुने घर भाड्याने घेताना आधी इमारत नीट पाहावी. भिंतीला तिरप्या भेगा आहेत का? दारे-खिडक्या अडकतात का? जिना एका बाजूला झुकला आहे का? छताला टेकू लावले आहेत का? म्हाडाचे इमारत दुरुस्ती मंडळ दरवर्षी पावसाळ्यापूर्वी शहरातील अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. त्या यादीत आपल्या इमारतीचे नाव नाही ना, हेही पाहावे.

यानंतर कागदपत्रे पाहावीत. करार लेखी असावा आणि त्याची नोंदणी झालेली असावी. कायद्याने ही जबाबदारी घरमालकाची आहे. भाड्याची पावती देणेही त्याच्यावर बंधनकारक आहे. घर राहण्यायोग्य ठेवणे हे त्याचे कर्तव्य आहे. भाडेकरूला त्रास देण्यासाठी त्याला पाणी किंवा वीज तोडता येत नाही. भाडेकरूनेही वेळेवर भाडे भरावे आणि न विचारता भिंत पाडू नये.

पावतीचे मोल मला लहानपणीच कळले. अब्बा दरमहा भाडे भरत आणि पावती पत्र्याच्या एका डब्यात ठेवत. आम्ही हसत असू. एका पावसाळ्यात जिन्याला मोठी भेग पडली आणि सर्वांना इमारत रिकामी करावी लागली. संक्रमण शिबिरात खोली मिळण्यासाठी प्रत्येकाला आपण भाडेकरू असल्याचा पुरावा दाखवायचा होता. अब्बांनी तो डबा उघडला आणि आमचे काम झाले. शेजारच्या खाला बावीस वर्षे तेथे राहत होत्या. पण त्यांनी सारा व्यवहार तोंडी केला होता. घरमालकाने पावती दिली नाही आणि त्यांनी ती कधी मागितली नाही. मग अब्बा आणि गॅलरीतील इतर शेजारी त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला उभे राहिले. खालांना खोली मिळाली खरी, पण त्यासाठी त्यांना दोन वर्षे कचेरीचे उंबरठे झिजवावे लागले.

तो डबा आजही माझ्या कपाटात आहे. घर पाहायला जाल, तेव्हा भिंत पाहा, कागद पाहा आणि शेजारही पाहा. संकटात हे तिन्ही कामास येतात.