विश्लेषण : डेटाबेसमधला २ हा आकडा ‘हो’ की ‘नाही’?

सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे देशातील शंभरावी किसान रेल्वे २८ डिसेंबर २०२० रोजी रवाना झाली. डाळिंबासह फळे-भाजीपाल्याच्या वाहतूक भाड्यात तेव्हा ५० टक्के अनुदान होते. समजा, अशा मालाची नोंद ठेवणाऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये (उदाहरण काल्पनिक आहे) ‘अनुदान लागू’ असा रकाना आहे. ‘हो’साठी १, ‘नाही’साठी ०. पुढे कोणीतरी ‘कागदपत्रांची तपासणी बाकी’ यासाठी २ लिहू लागले. आता अनुदानाच्या यादीत हा शेतकरी येणार का?

उत्तर प्रश्न कसा विचारला यावर…

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘बुलियन’, म्हणजे खरे-खोटे असा वेगळा प्रकार नाहीच. ते ‘टायनीइंट’ या छोट्या पूर्णांकाचे दुसरे नाव. त्यात उणे १२८ ते १२७ पर्यंत काहीही मावते. नुसते ‘ज्यांना अनुदान आहे ते दाखव’ म्हटले, तर शून्य नसलेला प्रत्येक आकडा ‘हो’ ठरतो आणि २ वाला यादीत येतो. पण ‘अनुदान = ट्रू’ असे लिहिले की ‘ट्रू’चा गुपचूप १ होतो. २ म्हणजे १ नव्हे, म्हणून तोच शेतकरी बाहेर! दोन्ही वेळा त्रुटीचा संदेश येत नाही. खरी अडचण हीच. कारण दोन अहवालांतली तफावत कळते ती पैसे वाटल्यानंतर.

इतर डेटाबेस काय करतात?

पोस्टग्रेस कडक आहे. बुलियन रकान्याची तुलना थेट १ शी केली, तर तो त्रुटी दाखवून थांबतो. रूपांतर हवे असेल, तर तसे स्पष्ट लिहावे लागते. मात्र तसे लिहिल्यावर तिथेही २ चे ‘हो’च होते आणि ‘तपासणी बाकी’ ही माहिती पुसली जाते. एसक्यूएल सर्व्हरच्या ‘बिट’ रकान्यात तर २ टाकताच १ साठवला जातो, तोही न विचारता.

उपाय काय?

तिसरी अवस्था हवी असेल, तर तिच्यासाठी ‘स्थिती’ असा वेगळा रकाना ठेवावा. हो-नाहीच्या रकान्यावर ‘फक्त ० किंवा १’ अशी ‘चेक’ अट घालावी. मायएसक्यूएल ही अट पूर्वी वाचून सोडून देत असे. २०१९ मधील ८.०.१६ आवृत्तीपासून ती पाळली जाते. त्याआधीच्या आवृत्तीवर चालणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अट लिहिलेली दिसली, तरी रकान्यात २ सापडू शकतो.