लोहगावची लिबरेटर, वऱ्हाडातली रिकामी जागा

२६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये मिग-२१ ला निरोप दिला गेला, आणि आमच्या अमरावतीच्या घरचा फोन दिवसभर वाजत राहिला. "काका, तुम्ही तर एअरफोर्सवाले. वाईट वाटत असंल ना?" पाचवा फोन एका माजी नगरसेवकाचा. एखादं मिग आपल्या चौकात आणता येईल का, असं त्याला विचारायचं होतं. रंगीत लाइट लावू, कारंजं करू. मी म्हटलं, "आणा. पण धुणार कोण?" त्याला वाटलं म्हाताऱ्यानं विनोद केला.

मी तर खरंच विचारत होतो. माझ्या उमेदीतली पाच वर्षं विमान धुण्यात, पुसण्यात आणि त्याच्या इंजिनाखाली पत्र्याचे ट्रे सरकवण्यात गेली आहेत.

मी १९४३ चा. अकोल्याजवळ शिवणीची धावपट्टीही त्याच सालची, लढाईच्या धामधुमीतली. आम्हा दोघांचं वय एक आणि वाढही सारखीच खुंटलेली. ती अजून चौदाशे मीटरच्या आसपासच आहे.

१९६३ ते ६८ मी पुण्याच्या लोहगावला सहा नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये इंजिन फिटर होतो. तिथं बी-२४ लिबरेटर होती. जर्मनी आणि जपानवर बॉम्ब टाकायला बनवलेलं हे चार इंजिनांचं धूड आमच्याकडे समुद्रावर पाळत ठेवायचं काम करी. आमच्याकडे ते कसं आलं, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात यायला हवी होती. लढाई संपल्यावर उधारीच्या करारातली ही अमेरिकी विमानं ब्रिटिशांना मोडून टाकायची होती. कानपूरला चकेरीच्या मैदानावर त्यांनी ती बुलडोझरनं ठेचली. इंजिनांत वाळू घातली म्हणत. भंगारच करून गेले. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्या ढिगातून एकाचा पंख, दुसऱ्याची शेपटी, तिसऱ्याची चाकं काढली, विमानं उडण्याजोगी केली, आणि जिमी मुंशी नावाच्या वैमानिकानं ती एकेक करून बंगळूरला नेली. नोव्हेंबर १९४८ मध्ये हवाई दलाची पहिली लिबरेटर स्क्वाड्रन उभी राहिली. अशी चाळिसेक विमानं आपल्या लोकांनी उकिरड्यातून उठवली!

सकाळची ड्यूटी असली की आधी प्रोपेलर हातानं फिरवायचे. गोल इंजिन, चौदा सिलिंडर दोन चक्रांत मांडलेले, रात्रभरात तेल खालच्या सिलिंडरांत उतरून बसतं. ते न काढता स्टार्ट दिला तर कनेक्टिंग रॉड वाकलाच म्हणून समजा. एका पात्याला दोघं भिडायचे. थंडीत हात सोलून निघत. बॉम्बच्या कप्प्याची दारं बाहेर न उघडता पोटाच्या कडेनं वर गुंडाळली जायची, थेट गांधी रोडवरच्या दुकानाच्या शटरसारखी. आत वीतभर रुंदीची पट्टी, तिच्यावरून चालत शेपटीकडे जायचं. पेट्रोलचा वास कायमचा. आमचा पंजाबी सार्जंट म्हणायचा, खाली तेल दिसत नसेल तर घाबर, टाकी रिकामी आहे. माझ्या गणवेशाचा वास आईनं शेवटपर्यंत सहन केला नाही. सुट्टीवर आलो की कपडे अंगणातच काढायचे.

३१ डिसेंबर १९६८ ला लिबरेटर सेवेतून गेली. कारंजं नाही, टीव्ही तर नव्हताच.

पुढची तीस वर्षं सांगण्यासारखी नाहीत. अकोल्यात बँकेची नोकरी, कर्जवसुली, कापसाच्या भावावर चर्चा.

विमानांची मात्र सांगण्यासारखी आहेत. एक कॅनडाला दिलं, एक १९६९ मध्ये अमेरिकेत टक्सनला गेलं, एक १९७४ मध्ये ब्रिटिशांच्या हवाई दलाच्या संग्रहालयाला. हो, ज्यांनी ठेचली त्यांनाच आपण दुरुस्त करून परत दिलं. एक पालमच्या संग्रहालयात राहिलं. एक असंच पडून होतं, ते १९८० नंतर एका इंग्रजानं विकत घेऊन सुटं करून नेलं. अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशननं ते १९८९ मध्ये पुन्हा उडवलं. कारखान्यांतून अठरा हजारांवर लिबरेटर निघाली होती. आज जगात बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, आणि त्यातली बरीच आपल्या फिटरांच्या हाताखालून गेलेली.

देऊन टाकली म्हणून मी तेव्हा चिडलो होतो. आता उलटं वाटतं: दिली म्हणूनच वाचली. आपल्याकडे ठेवलेल्यांचं काय होतं ते पाहा. विमानवाहू नौका विक्रांत १९९७ ला निवृत्त झाली, काही वर्षं संग्रहालय म्हणून मुंबईत उभी राहिली, २०१४ मध्ये तोडली गेली आणि तिचं लोखंड बजाजच्या मोटारसायकलीत गेलं. लोकांनी कौतुकानं ती गाडी घेतली. मूर्तिजापूरच्या शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन १९९४ ला थांबलं, नंतर डिझेलची गाडीही. रुळांवर आता बाभळी.

तिकडेही सगळं गोडच आहे असं नाही. कॉलिंग्जचंच बी-१७ ऑक्टोबर २०१९ मध्ये कोसळून सात जण गेले. जुनं यंत्र उडवावं की छपराखाली उभं ठेवावं, यावर तिकडे भांडणं होतात. आपल्याकडे भांडणसुद्धा नाही.

एकदा मीही प्रयत्न केला. एका कार्यालयाला चार पानी पत्र लिहिलं: निवृत्त झालेलं एक जुनं बॉम्बर शिवणीला ठेवावं. वऱ्हाडाची हवा आठ महिने टक्सनसारखीच कोरडी, गंज कमी. पण काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, म्हणून चाकांखाली खोल पायाचं काँक्रीट, वर छप्पर, वर्षाला दोनदा धुणं, पक्ष्यांसाठी जाळी, दोन माणसं. खर्चाचा अंदाज जोडला होता. सात महिन्यांनी उत्तर आलं, विषय आमच्या कार्यक्षेत्रात येत नाही. समक्ष भेटलो तर बाबू म्हणाला, "भाऊ, लोखंडाले काय पाहाचं? त्यापेक्षा एखादा पुतळा मांगा ना, देतात."

अमरावतीला मात्र विमान आलं. १६ एप्रिल २०२५ पासून बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईची सेवा सुरू झाली. दिवाळीनंतर मुलाकडे जाताना मीही त्यातून गेलो. दोन इंजिनं, सहा-सहा पात्यांचे प्रोपेलर. जिन्याशी पोहोचल्यावर सवयीनं वाकून इंजिनाखाली पाहिलं. खाली डांबर कोरडं होतं. मागची बाई म्हणाली, "आजोबा, काही पडलं का?"