एक चाल, अनेक शाहीर

कापडे बुद्रुक काय नि कापडे खुर्द काय, पोलादपूर तालुक्यात गौरी-गणपतीला मुंबईचे चाकरमानी उतरले की ढोलकीला जाग येते. जाखडी, म्हणजे आपला बाल्या नाच, रंगू लागतो. मधे शाहीर, ढोलकी, झांज आणि मागे झील ओढणारे. भोवती पायात घुंगरू बांधलेले नाचे गोल फिरतात. दोन ओळी होताच बसलेली मंडळी मान डोलावतात, कारण चाल सिनेमातली, सगळ्यांच्या ओळखीची. शब्द मात्र गणाचे, गवळणीचे, नाहीतर समोरच्या शाहिराला टाकलेल्या सवालाचे.

जाखडीच्या शाहिरांचे दोन पक्ष: शक्तीवाले आदिमायेची थोरवी गातात, तुरेवाले शिवाची. एकच चाल दोघेही घेतात, त्याबद्दल कुणी कुणाला चोर म्हणत नाही. भजनाच्या वह्यांतही गाण्याच्या डोक्यावर सरळ लिहिलेले असते, ‘चाल : अमुक गाण्याची’.

अशी उसनवारी जमैकाच्या डान्सहॉल संगीतातही चालते, फक्त वाटणी थोडी वेगळी आहे. तिथे चाल ज्याची त्याची, सामाईक असतो तो ठेका. त्याला ‘रिडिम’ म्हणतात. निर्माता ड्रम आणि बेसचा एक साचा मुद्रित करतो, त्याचे बारसे करतो आणि तोच साचा अनेक गायकांना देतो. 1985 मध्ये वेन स्मिथचे ‘अंडर मी स्लेंग टेंग’ गाजले. त्याचा ठेका कॅसिओच्या एमटी-40 या छोट्या कीबोर्डात बटण दाबताच वाजे. तो बसवला होता जपानच्या हिरोको ओकुदा यांनी. किंग जॅमी या निर्मात्याने त्याचे गाणे केले आणि पुढे त्याच ठेक्यावर शेकडो गाणी झाली.

आणखी एका रिडिमचे नाव तर चक्क ‘दिवाली’. स्टीव्हन ‘लेंकी’ मार्सडेन यांनी रचलेल्या या ठेक्यात टाळ्यांचा मारा आहे. त्यावरचे शॉन पॉलचे ‘गेट बिझी’ 2003 मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिले आले. वेन वंडरचे ‘नो लेटिंग गो’ आणि लुमिडीचे ‘नेव्हर लीव्ह यू’ हीसुद्धा त्याच ठेक्यावरची. तिन्ही एकापाठोपाठ ऐका. पाया एक, घरे तीन.

यात पैशाची बचत आहेच, पण खरी मौज चुरशीची आहे. ठेका किंवा चाल आधीच कानात मुरलेली असली, की ऐकणाऱ्याचे सगळे लक्ष गाणाऱ्याने नवे काय आणले याकडे लागते. चालीची उधारी चालते, शब्दांची चालत नाही. सवालाला तोडीस तोड जवाब जुळला नाही, तर कितीही गाजलेली चाल शाहिराला वाचवत नाही.

म्हणून यंदा जाखडीला बसाल तेव्हा चाल कुठली हे ओळखून थांबू नका. तिच्यावर शाहिराने स्वतःचे काय रचले ते ऐका, आणि दाद त्याला द्या.